सिंहमुखी देवीचा कौल

मी इजिप्त पाहून आलोय असं कळलं की लोक पहिल्यांदा पिरॅमिडचं विचारतात. पिरॅमिड मी दोनदा पाहिले, दोन्ही वेळा मालट्रकच्या फळीवर बसून, तोंडात वाळू गेलेली असताना. त्यांच्याबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. मी पाहिलं ते एक देऊळ. आणि तेही धड पाहिलं असं म्हणवत नाही, कारण त्या दिवशी माझा सगळा जीव पानशेतच्या वरच्या अंगाला, माझ्या सासुरवाडीत अडकलेला होता.

साल बेचाळीस. मी विंझरजवळच्या एका वाडीतला. भोरला राहून सातवी फायनल झालेला, म्हणून पलटणीत भरती झाल्यावर मला बंदुकीपेक्षा दौत-टाक जास्त वेळा हातात मिळाला. कैरोजवळच्या तळावर आमच्या तुकडीचा मी कारकून होतो. हजेरी लिहायची, डाक आली की वाटायची, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची पत्रं वाचून दाखवायची, उत्तरं लिहून द्यायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या भावकीत बांधावरून डोकी फुटली, कुणाची बायको रुसून माहेरी गेली, सगळ्या मावळाच्या खबरी माझ्या तोंडून तंबूत बाहेर पडायच्या. माझ्याच घरची खबर तेवढी नव्हती.

बायको माहेरी बाळंतपणाला गेली होती. हे दुसरं. पहिल्या खेपेला मूल पोटातच गेलं, आणि तीही जाता जाता राहिली. मी तेव्हा घरीच होतो. दाराबाहेर बसून मी जे आवाज ऐकले ते मला आजही ऐकू येतात. सुईणीने तेव्हाच बजावलं होतं की पुढच्या वेळी जपा. आणि पुढच्या वेळी जपायला मी कुठे, तर समुद्रापार. दिवाळीच्या सुमाराला सासऱ्यांचं पत्र आलं होतं की पौषात दिवस भरतील. त्यानंतर माघ संपत आला तरी एक ओळ नाही. रोज डाकेची थैली मीच उपडी करायचो आणि रोज सगळ्यांची पत्रं लावून झाल्यावर थैली पुन्हा झटकून पाहायचो.

माझ्या या काळजीत वाटेकरी एकच होता, आमचा लांगरी. लांगरी म्हणजे पलटणीतला स्वयंपाकी. हा माझ्या बायकोच्या गावचा गुरव. त्याच्या घराण्याकडे गावच्या देवीची पूजा पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. बाप तिकडे देवीला न्हाऊ घालत होता आणि मुलगा इकडे दीडशे माणसांची डाळ ढवळत होता. मी गावचा जावई म्हणून तो मला दाजी म्हणायचा, आणि माझ्या बायकोचा उल्लेख 'आमची ताई' असा करायचा. वयाने तो माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा, पण जावयाचा मान म्हणून मला अहोजाहो करायचा. मी जेवलो नाही की पळी घेऊन माझ्या मागे लागायचा.

माघाच्या शेवटी आमच्या तुकडीतल्या वीस जणांना पाच दिवसांची रजा मिळाली. साहेबाने ठरवलं की ह्या लोकांना कैरोत मोकळं सोडलं तर भलतीकडे जातील, त्यापेक्षा लक्झरची जुनी देवळं दाखवून आणावीत. मला जायचं नव्हतं. मी नसताना डाक आली तर? पण वाटाड्या इंग्रजीत बोलणार आणि त्याचं मराठी करायला कुणीतरी हवं, म्हणून माझं नाव यादीत पहिलंच घातलं. यादी मीच लिहिली होती, त्यामुळे ते मला स्वतःच्या हाताने लिहावं लागलं.

आगगाडी नाईलच्या काठाकाठाने गेली. बाकीचे खिडक्यांना चिकटून बसले होते. उसाचे फड दिसले, मोटेसारखं पाणी ओढणारे बैल दिसले, आणि सगळे असे ओरडायला लागले की जणू गावाकडच्या शिवऱ्यालाच उतरायचंय. मी मनात महिने मोजत होतो. दिवाळी ते पौष, पौष ते माघ. पत्र यायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे अजून उशीर झालाय असं म्हणता येत नाही. मग पुन्हा मोजायचो आणि उशीर झालेला असायचा.

देवळाच्या दाराशी पहिला घोटाळा झाला. दोन्ही बाजूंना मेंढ्याच्या तोंडाच्या सिंहांची रांग, समोर डोंगराच्या कड्यासारख्या भिंती, आणि आमच्या वीसच्या वीस जणांनी तिथे खाली बसून बूट काढायला सुरुवात केली. कुणी कुणाला सांगितलं नाही. देवळात पायताण घालून कोण जातं? वाटाड्या, डोक्याला लाल टोपी घातलेला एक गोल माणूस, आधी पाहतच राहिला. मग मला म्हणाला की इथे कुणी देव राहत नाही, दोन हजार वर्षांत पूजा झालेली नाही, बूट घाला. मी तसं सांगितलं. कुणी हललं नाही. शेवटी तो म्हणाला की निदान इथे ठेवून जाऊ नका, चोरीला जातील. तेव्हा आम्ही नाड्यांची गाठ मारून बूट गळ्यात अडकवले आणि तापलेल्या फरशीवरून नाचत आत गेलो. एक गोरी मडम छत्रीखाली उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिला त्या खांबांपेक्षा आम्हीच जास्त पाहण्यासारखे वाटलो असू.

आत खांबांचं रान होतं. चार माणसांनी हात धरले तरी कवेत यायचा नाही असा एकेक खांब, वरपासून खालपर्यंत चित्रं कोरलेली. वाटाड्या राजांची नावं सांगत होता आणि मी मराठी करत होतो, म्हणजे पहिली पाच मिनिटं करत होतो. नंतर तो पुष्कळ वेळ बोलला की मी म्हणायचो, "हा खांब राजाने बांधला." तो पुढच्या खांबापाशी पुन्हा पुष्कळ बोलायचा. "हापण राजानेच बांधला." एकाने विचारलं, "एवढंच सांगतोय व्हय त्यो?" मी त्याच्यावर खेकसलो. मला राग लवकर येतो, आणि काळजीत असलो की जास्तच येतो. वाटाड्याने एका भिंतीवरचं चित्र दाखवलं, कुठल्याशा राणीच्या मांडीवर मूल होतं. मी तिथून तोंड फिरवलं.

लांगरी मात्र सगळं निरखून पाहत होता, आणि गुरवाच्या नजरेने पाहत होता. नैवेद्य कुठे ठेवत असतील, पाणी जायला पन्हळ कुठे आहे, दिवा कुठल्या कोनाड्यात. त्याला त्या मोठ्या भिंतींची मिजास नको होती, गाभारा हवा होता. वाटाड्याने शेवटी आम्हा दोघांना बाजूच्या वाटेने एका लहानशा देवळाकडे पाठवलं. बाकीचे देवळाच्या आवारातल्या तळ्याच्या काठाला सावलीत बसले.

त्या देवळाला राखणदार होता, पांढऱ्या झग्यातला म्हातारा. त्याने लाकडी दार उघडलं आणि आम्ही आत गेलो. आत एकदम काळोख, गारवा. छताला एक भोक, त्यातून उन्हाचा एकच झोत, आणि त्या झोतात ती उभी होती. काळा पाषाण, बाईचं अंग, सिंहिणीचं तोंड, डोक्यावर सूर्याचं चक्र. आमच्यापेक्षा हातभर उंच. मी देवदेवस्कीवर कधी फारसा विश्वास ठेवला नाही, भोरला शिकून आल्यावर तर त्याची टवाळीही केली होती. पण तिच्यासमोर माझे हात आपोआप जोडले गेले.

लांगरीने तिच्या पायांवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली धूळ पाहिली. मग म्हणाला, "दाजी, पारोशी उभी हाय की वो ही."

पारोशी, म्हणजे आंघोळ न केलेली. दोन हजार वर्षं कुणी अंगावर पाणी घातलं नाही, हे त्याला सहन होईना. त्याने कमरेची पाण्याची बाटली काढली, माझ्या आणि आपल्या गळ्यातले बूट काढून कोपऱ्यात ठेवले, आणि देवीच्या पायांवर धार धरली. राखणदार ओरडत पुढे आला. मी त्याच्या हातात सिगारेटचं पाकीट ठेवलं, तेव्हा तो दार लावून घेऊन दाराशीच उकिडवा बसला. लांगरीने आपल्या रुमालाने देवीचे पाय पुसले, गुडघे पुसले, धूळ झटकली. हे सगळं तो अगदी रोजचं काम असल्यासारखं करत होता. मग माझ्याकडे वळून त्याने हळूच विचारलं, "कौल लावू का? तुमी लई झुरताय. मला बघवत न्हाई."

आमच्याकडे कौल लावतात तो असा. देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने तांदळाचा एकेक दाणा चिकटवायचा आणि गाऱ्हाणं घालून थांबायचं. देवीच्या उजव्या अंगाचा दाणा आधी पडला तर होकार, डाव्या अंगाचा पडला तर नकार. गाय हरवली, लग्न जुळेना, आजारी माणूस उठेल की नाही, सगळं गाव त्या दोन दाण्यांकडे डोळे लावून बसतं. मी ह्याच गोष्टीवर सासऱ्यांशी वाद घातला होता. ओला दाणा वाळला की पडणारच, त्यात देवी काय करते, असं म्हणालो होतो.

आणि त्या दिवशी मी म्हणालो, "लाव."

लांगरीच्या खिशात तांदूळ होते. त्याच्या खिशात नेहमीच काहीतरी असायचं. तो टाचा उंचावून उभा राहिला, दोन्ही खांद्यांवर दाणे चिकटवले, मागे सरकला आणि आपल्या गावच्या देवीशी बोलावं तसा तिच्याशी बोलला, "आई, तुझं नाव गाव मला ठावं न्हाई, माफी कर. तुजी लेक तिकडं माहेरी बाळातपणाला गेलीया. ती सुखरूप असंल तर उजवा दे. न्हाई तर डावा दे. खोटं बोलू नगंस."

मग आम्ही थांबलो. बाहेरून वाटाड्या हाका मारत होता. मी उजव्या दाण्याकडे एकटक बघत होतो, पड म्हणत होतो, आणि तो दगडात रुतल्यासारखा बसला होता. डाव्या खांद्यावरचा दाणा आधी थोडा घसरला, थांबला, आणि मग टप् करून खाली पडला. एवढ्याशा तांदळाचा आवाज येत नाही. पण मला आला.

लांगरी लगेच म्हणाला, "वारं आलं."

"वारं कुठनं येईल? दार लावलंय."

"वरच्या भोकातनं आसंल."

"पुन्हा लाव."

त्याने मान हलवली. एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारायची नसते, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मग तो म्हणाला, "दाजी, ती परमुलखाची देवी. तिला आपली भाषा तरी कळली आसंल का?" तेव्हा मी त्याच्यावर असा चिडलो की बोलता सोय नाही. कळत नव्हती तर विचारलं कशाला? घाण्याच्या बैलासारखं डाळ ढवळायची सोडून तुला गुरवपण कुणी करायला सांगितलं होतं? लांगरीने माझे बूट उचलले, स्वतःचे उचलले आणि दोन्ही जोड गळ्यात घालून माझ्या मागून चालू लागला.

तळावर परत आल्यावर मी घरी पत्र लिहिणं बंद केलं. आधी मी दर आठवड्याला लिहायचो. आता कागद पुढे घेतला की हात चालेना. कुणाला लिहू? ती नसेल तर ते पत्र सासऱ्यांच्या हातात पडणार, आणि त्यांनी मला काय उत्तर द्यायचं? आपण विचारलं नाही तर कुणी सांगणारही नाही, असा काहीतरी वेडपट हिशेब माझ्या डोक्यात होता. इतरांची पत्रं मी आधीपेक्षा जास्त मन लावून लिहायला लागलो. "तुमची फार आठवण येते" हे वाक्य मी त्या दिवसांत कमीत कमी शंभर जणांच्या बायकांना लिहिलं असेल.

चैत्रात पत्र आलं. थैली उपडी केली आणि गावच्या शाळामास्तरांचं अक्षर ढिगात वरच दिसलं. सासरे त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे. मी पाकीट उचललं आणि पाहिलं, त्याचा वरचा कोपरा फाटलेला होता.

मयताची खबर असली की आमच्याकडे पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. वाचणाऱ्याने उघडण्याआधीच मन घट्ट करावं म्हणून. आता हे मी लिहितोय तेव्हा मला स्वतःची लाज वाटते. मी कारकून होतो. प्रत्येक पत्र वाटेत सेन्सॉर उघडतो, कापतो, वर पट्टी चिकटवतो, हे मी रोज पाहत होतो. ह्या पाकिटावरही पट्टी होती. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी हसून म्हणालो असतो, अरे खुळ्या, सेन्सॉरने फाडलाय. पण हे माझं होतं, आणि डावा दाणा पडलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. मी ते पाकीट झोळीच्या तळाशी, जादा सदऱ्याच्या घडीत घातलं.

पाच आठवडे ते तिथेच होतं. रोज सकाळी मी हात घालून ते आहे का पाहायचो आणि हात बाहेर काढायचो. लांगरीने ते एकदा पाहिलं. कोपराही पाहिला. त्याचा चेहरा उतरला. "फोडा की," तो म्हणाला. मी म्हणालो, "बघू." त्यानंतर तो रोज विचारायचा, कधी तोंडाने, कधी नुसता बघून. त्याला वाचता येत नव्हतं आणि मला वाचवत नव्हतं.

वैशाखात पुढे सरकायचा हुकूम आला. सामान बांधायची धांदल उडाली. मी यादी करत बसलो होतो, तोच लांगरी स्वयंपाकाच्या तंबूकडून पळत आला. एका हातात पळी, दुसऱ्या हातात उघडलेला कागद. त्याने माझ्या झोळीतून पाकीट काढून नेलं होतं आणि भोरच्या एका मलमपट्टीवाल्याकडून वाचून घेतलं होतं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

"दाजी, पोरगी झालीया! दोगी बी ठणठणीत हायेत!"

मी कागद घेतला. कागदाचे चारही कोपरे शाबूत होते. माथ्यावर हळदकुंकवाचं बोट लावलेलं होतं, शुभवार्ता म्हणून. बायको सुखरूप, मुलगी गोरी, नाक तुमच्यासारखं. आणि शेवटी सासऱ्यांनी लिहिलं होतं: बाळंतीण म्हणते नाव मुलीच्या वडलांनी कळवायचं, तोवर बारसं होणार नाही, तरी उलट टपाली नाव कळवावे.

उलट टपाली. पत्र पौषात लिहिलेलं होतं, आणि वैशाख संपत आला होता. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. आनंदाने रडलो असं सांगायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की तिकडे कुणीतरी माझ्या पत्राची वाट पाहतंय. मी त्याच बैठकीत नाव लिहून पाठवलं.

मी घरी आलो ते लढाई संपल्यावर. मुलगी चार वर्षांची होती आणि मला पाहून चुलीमागे लपली. बायको दारात उभी होती. ती पुढे आली नाही. आधी तिने दाराच्या चौकटीला हात टेकला आणि माझ्या पायांकडे पाहिलं, पावलं जमिनीला लागतात का ते. मला वाटलं, रागावली असेल.

पुष्कळ दिवसांनी, भाताची लावणी चालली असताना, तिने सांगितलं. माझी पत्रं थांबली तेव्हा तिने जेठात, कुणाला न सांगता, गावच्या देवीला कौल लावला होता. लांगरीच्या बापानेच लावला. ते देऊळ आता पानशेतच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. "डावा पडला," ती म्हणाली. "गुरवबाबांस्नी म्या पदर पसरून सांगितलं, कुनाला बोलू नगा. मग तुमचं पत्र येईस्तवर दीड म्हैना म्या रोज सकाळी कुकू लावायची. वाटायचं, आपुन खोटं लावतोय. पोरगी मांडीवर, तिला अजून नाव न्हाई." आणि मग चिखलातलं रोप हातात तसंच धरून तिने विचारलं, "तवा तुमी पत्र का वो धाडलं न्हाई?"

मी म्हणालो, "लढाई होती."

ती म्हणाली, "मेली ती लढाई!" आणि पुन्हा खाली वाकून लावणी करायला लागली.

लांगरीने कधी तोंड उघडलं नाही. तो आमच्याकडे यायचा, ताईच्या हातचं जेवायचा, मुलीला चुलीपाशी बसून डाळ कशी घोटायची ते शिकवायचा, आणि इजिप्तचा विषय निघाला की फक्त बूट गळ्यात घालून नाचलो तेवढंच सांगायचा. बायको त्यावर हसायची. नंतर कधीतरी, भांडी घासताना नाहीतर वात वळताना, तिला ते दिवस आठवायचे, आणि ती त्या लढाईला पोटभर शिव्या द्यायची. चाळीस वर्षं तिने दिल्या. मी शेजारी बसून ऐकायचो.